भागीदारी : एका शब्दाचा गैरवापर

उद्योगांनी आणि स्वयंसेवी संस्थांनी हातात हात घालून समाजाचे भले करावे, या विचाराला उघड विरोध करणारा माणूस आज शोधूनही सापडायचा नाही. मग आम्हीच तो करतो. अर्थात विरोध नेमका कशाला, हे आधी सांगितले पाहिजे. कंपन्यांनी शाळांना बाके द्यावीत, दवाखान्यांना यंत्रे द्यावीत, टँकरचे पाणी पिणाऱ्या गावाला बंधारा बांधून द्यावा, याला आमची हरकत असण्याचे कारण नाही. आमची हरकत या व्यवहाराला 'भागीदारी' म्हणण्याला आहे. हा शब्दच्छल आहे असे कोणी म्हणेल. परंतु शब्द तपासणे हा ज्यांचा पेशा, त्या साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी तरी तसे म्हणू नये. शिवाय या शब्दाच्या आड जे चालते त्याचे कागद आता आपल्याच लोकांच्या हातून लिहिले जात आहेत. मराठी घेऊन एम. ए. झालेली कितीतरी मुले-मुली आज संस्थांसाठी प्रस्ताव, अहवाल आणि 'यशोगाथा' लिहून पोट भरतात. हे काम कमी प्रतीचे आहे असे आम्ही मुळीच मानत नाही. पण ज्या भाषेत ते करावे लागते ती भाषा कोणाची, हे वर्गात त्यांना आपण कधी सांगितलेले नाही.

भागीदारी हा शब्द मराठीला नवा नाही. पेढीवर, अडत दुकानात, वाट्याने केलेल्या शेतात तो पिढ्यानुपिढ्या रुळलेला आहे, आणि त्याचा अर्थ ज्याला कळत नाही असा मराठी माणूस नसेल. ज्याने भागीदारीत मार खाल्ला आहे त्याला तर तो फारच चांगला कळतो. या नात्याला स्वतंत्र कायद्याचे रूप १९३२च्या भारतीय भागीदारी अधिनियमाने दिले. त्याचे चौथे कलम सांगते की, सर्वांनी मिळून किंवा सर्वांच्या वतीने काहींनी व्यवसाय चालवावा आणि त्याचा नफा वाटून घ्यावा असे ठरवणाऱ्या व्यक्तींमधले नाते म्हणजे भागीदारी. नववे कलम सांगते की भागीदारांनी एकमेकांशी सचोटीने वागावे आणि एकमेकांना खरा हिशेब द्यावा. बारावे कलम आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. रोजच्या कारभारातील मतभेद बहुमताने सोडवता येतात, पण निर्णय होण्यापूर्वी प्रत्येक भागीदाराला आपले मत मांडण्याचा हक्क असतो. आणि पेढीच्या वह्या पाहण्याचा, तपासण्याचा, त्यांच्या नकला करून घेण्याचाही हक्क असतो. पंचविसावे कलम हक्कांची दुसरी बाजू दाखवते : पेढीच्या प्रत्येक कृत्याची जबाबदारी सर्व भागीदारांवर, एकत्रितपणे आणि वेगवेगळीही.

आता या काट्यावर कंपनी आणि स्वयंसेवी संस्था यांचे नाते ठेवून पाहू. नफ्याच्या वाटपाचा प्रश्नच येत नाही. तो सोडून देऊ. वह्यांचे काय? कंपनी संस्थेच्या वह्या पाहते, दर तिमाहीला पाहते, बसभाड्याच्या पावत्यांपर्यंत पाहते. संस्थेने मात्र कंपनीच्या वह्या पाहायला मागितल्याचे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. मत मांडण्याचा हक्क? कंपनी संस्थेच्या कार्यक्रमाविषयी मत मांडते, गाव बदलायला सांगते, कार्यक्रमाचे नाव बदलायला सांगते, फलकाची रुंदी सांगते. कंपनीने आपल्या कारखान्याचे सांडपाणी कोणत्या ओढ्यात सोडावे, कंत्राटी कामगार किती ठेवावेत, याविषयी संस्थेचे मत निर्णयापूर्वी विचारले जाते काय? आणि जबाबदारी? त्या ओढ्यातले मासे मेले तर पंचविसाव्या कलमाप्रमाणे ओढ्याकाठी बालवाडी चालवणारी संस्थाही जबाबदार धरावी लागेल. तसे कोणी धरत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण ती भागीदार नाही हे सर्वांना मनातून माहीत आहे. माहीत असूनही शब्द वापरला जातो, तेव्हा तो कशासाठी वापरला जातो हे विचारणे भाग पडते.

या भागीदारीचा दस्तऐवज 'सामंजस्य करार' या नावाने ओळखला जातो. ज्याने कोणी ही मराठी संज्ञा प्रथम घडवली त्याला आपण किती मोठे सत्य सांगून गेलो याची कल्पना नसावी. सामंजस्य म्हणजे सुसंवाद, मेळ. भांडणार नाही असे आधीच लिहून देण्याचा हा करार आहे. अशा करारांचे जे मसुदे आमच्या पाहण्यात आले त्यांत दोन अटी जवळजवळ हटकून असतात. एक, कंपनीच्या पूर्वपरवानगीवाचून प्रकल्पाविषयी काहीही प्रसिद्ध करायचे नाही. दोन, कंपनीच्या प्रतिष्ठेला बाध येईल असे वर्तन करायचे नाही. या अटींचे उलट रूप, म्हणजे संस्थेच्या प्रतिष्ठेला बाध येईल असे वर्तन कंपनीने करू नये, हे आम्ही एकाही मसुद्यात वाचले नाही. करार साधारणपणे वर्षभराचा असतो. दर फेब्रुवारीत पुढच्या वर्षाची चिंता सुरू होते, आणि ज्याची रोजी दर फेब्रुवारीत टांगणीला लागते त्याला गप्प बसा असे वेगळे सांगावे लागत नाही.

आता पैसा. हा पैसा दिला जातो, असे आपण सवयीने म्हणतो. वस्तुस्थिती निराळी आहे. २०१३च्या कंपनी अधिनियमातील १३५वे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीतील कामांवर खर्च करावी, असे ते सांगते. सुरुवातीला खर्च झाला नाही तर कारण सांगणे पुरेसे होते. २०२१ पासून तसे नाही. न खर्चलेली रक्कम ठरावीक निधीत अथवा खात्यात वळती करावी लागते, नाही तर दंड होतो. ज्याच्या न करण्याला दंड आहे त्याला दान म्हणत नाहीत. हा एका परीने करच आहे, फक्त तो भरणाऱ्यालाच तो कुठे खर्चायचा हे ठरवण्याची मुभा आहे. आपल्यापैकी कोणाला आयकर अशा रीतीने भरायला मिळाला असता तर आपण तो कोणत्या शाळेला, कोणत्या मंदिराला, कोणत्या भाच्याच्या संस्थेला दिला असता, याचा विचार करून पाहावा. (यात शासनही मागे नाही. एप्रिल २०२० मध्ये खुलासा करण्यात आला की पीएम केअर्स निधीला दिलेला पैसा या २ टक्क्यांत धरला जाईल, मुख्यमंत्री साहाय्यता निधीला दिलेला धरला जाणार नाही.)

या पैशाच्या मोठेपणाविषयीही थोडे. २०१९-२० या वर्षी देशातील सर्व कंपन्यांनी मिळून या कलमाखाली सुमारे २५ हजार कोटी रुपये खर्च केले. रक्कम मोठी आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच वर्षी, २० सप्टेंबर २०१९ रोजी, केंद्र सरकारने सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, आणि त्यामुळे सरकारच्याच अंदाजाप्रमाणे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागणार होते. म्हणजे एका हाताने जवळजवळ सहा रुपये परत घेतले आणि दुसऱ्या हाताने एक दिला. आणि त्या एका रुपयासाठी व्यासपीठ, शाल, श्रीफळ, छायाचित्र! जो पैसा विधिमंडळाच्या चर्चेतून, अंदाजपत्रकातून, लेखापरीक्षणातून शाळेपर्यंत गेला असता, तो आता कुणाच्या तरी पसंतीतून जातो. यावर कोणी म्हणेल की सरकारमार्फत गेलेला पैसा वाटेत मुरतो. मुरतो, खरे आहे. पण त्याचा जाब विचारण्याचा हक्क नागरिकाला असतो, आणि माहिती अधिकाराचा अर्ज करायला खिडकी तरी असते.

मग पूर्वी सारे उत्तम होते काय? धनिकांच्या आश्रयावर संस्था पूर्वीही चालत होत्या. त्या काळाविषयी गळा काढण्याचा आमचा विचार नाही, पण एक उदाहरण साहित्याच्या अभ्यासकांना जवळचे आहे म्हणून घेतो. पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ साली स्थापन झाली. तिच्या इमारतीला सर दोराबजी टाटा आणि सर रतन टाटा या बंधूंच्या देणगीचा आधार होता. पुढे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम निघाले, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी लाख रुपयांचे साहाय्य कबूल केले. बाळासाहेब स्वतः चित्रकार. त्यांची हौस अशी की आवृत्ती सचित्र असावी, आणि चित्रे त्यांनी काढलेली असावीत. संस्थेने ती हौस पुरवली. आदिपर्वाचा खंड उघडून पाहावा : मुखपृष्ठानंतरच्या पानावर संपादक विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या नावाबरोबर बाळासाहेबांचेही नाव चित्रकार म्हणून छापलेले आहे. आज ती चित्रे पाहून थोडे हसू येते. पण लक्षात घेण्याजोगे हे की देणगीदाराची हौस जिथे होती तिथे ती उघड छापली गेली, आणि संहितेचा पाठ हस्तलिखितांच्या साक्षीने ठरत राहिला. लोकांच्या तोंडी पिढ्यानुपिढ्या असलेले किती श्लोक, किती लाडके प्रसंग सुखटणकरांनी खाली परिशिष्टात टाकले! देणाऱ्याला देणगीदार म्हटले की त्याचे आभार मानावे लागतात. त्याच्याशी एकमत असावे लागत नाही.

आणि टाटांचे म्हणाल, तर त्याच पुण्यापासून काही कोसांवर १९२१च्या एप्रिलात मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, तो टाटांच्याच वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि त्यासाठी मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावांच्या मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली जायची होती. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला आहे, त्यात पुण्यातले सावकार-जमीनदार नुकसानभरपाईच्या वाटेने कसे गेले आणि कसणारा मावळा कसा एकटा पडला, हेही मांडले आहे. आम्ही ते येथे यासाठी सांगतो की देणगीच्या काळातही अन्याय होतच होता, मध्यस्थ फुटतच होते. फरक एवढाच होता की टाटांच्या देणगीतून ज्या शहरात प्राच्यविद्येची इमारत उभी राहिली त्याच शहरातून टाटांच्या धरणाविरुद्ध माणसे उभी राहू शकली, आणि त्या देणगीमुळे त्यांना गप्प बसावे असे कोणी म्हणू शकले नाही. आज मुळशीसारखे काही घडले तर त्या पन्नास गावांत कंपनीची फिरती दवाखाना-गाडी, कंपनीचे शिलाई केंद्र आणि कंपनीची भागीदार संस्था आधीच पोहोचलेली असेल. गावकरी पहिली सभा ज्या समाजमंदिरात घेतील त्याच्या भिंतीवर कंपनीचे बोधचिन्ह असेल.

या शब्दाने नेमके काय झाकले जाते ते पाहायचे तर ऊसतोडीकडे पाहावे. दिवाळीच्या सुमारास बीड, अहमदनगर (आता अहिल्यानगर), जालना या बाजूची लाखो माणसे बैलगाड्या, ट्रॅक्टर, मालमोटारी भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून आधीच 'उचल' घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत फडाची सुटका नसते. नवरा-बायको मिळून जी जोडी बनते तिला 'कोयता' म्हणतात. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. एक दिवस काम चुकले तर 'खाडा', आणि खाड्याचा दंड. दोन माणसांना मिळून एका हत्याराचे नाव देणारी ही भाषा क्रूर आहे, पण ती खोटी नाही. त्या एका शब्दात बाईच्या मजुरीचा वेगळा हिशेब नाही, ही गोष्ट पूर्णपणे आलेली आहे. विधानपरिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी विचारात घेतली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, फडावर ना आडोसा ना पाणी, आजार अंगावर काढायचा आणि मग शस्त्रक्रिया, असा हा क्रम आहे.

याच फडांच्या कडेला 'साखरशाळा' चालल्या. औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) 'जनार्थ' या संस्थेचे त्यातले काम महाराष्ट्रातील शिक्षणाच्या इतिहासात नोंदवण्यासारखे आहे. पाचटाच्या खोप्यांमधून मुलांना गोळा करून त्यांचे वर्ष वाया जाऊ न देणे, ही साधी गोष्ट नव्हे. संस्था, कारखाना आणि शासन एकत्र आल्यावाचून हे झाले नसते, हेही आम्ही मान्य करतो. (सहकारी कारखान्यांना १३५वे कलम लागू होत नाही, कारण ते कंपनी कायद्याखाली येत नाहीत, खासगी कारखान्यांना आणि साखर विकत घेणाऱ्या शीतपेयांच्या कंपन्यांना ते लागू होते. ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.) आमचा प्रश्न पुढचा आहे. साखरशाळेतली शिक्षिका मुलाला पाढे शिकवू शकते. मुलाची आई अर्धा कोयता का, उचलीचा हिशेब कागदावर का नाही, मजूर आमचे नसून मुकादमाचे आहेत असे कारखाना का म्हणतो, हे प्रश्न त्याच भागीदारीच्या बैठकीत ती मांडू शकते काय? मांडले तर पुढच्या गळीत हंगामात शाळेची खोली तिला मिळेल काय? सातव्या अनुसूचीत शिक्षण आहे, आरोग्य आहे, पिण्याचे पाणी आहे, सार्वजनिक वाचनालये सुद्धा आहेत. मजुरीचा दर त्यात नाही, आणि तो तिथे असूही शकत नाही, कारण मजुरीचा दर हा समाजकार्याचा विषय होताच तो देण्याचे बंधन संपते. त्यापेक्षा ऊसतोड कामगारांच्या कल्याणकारी महामंडळासाठी गाळपाच्या दर टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घेण्याचे शासनाने ठरवले, ती वाट आम्हांस अधिक सरळ वाटते. तिच्यात अंमलबजावणीचे सतरा घोळ आहेत. तरी तिच्यात कोणाचे आभार मानावे लागत नाहीत.

आता आपल्या प्रांतात येऊ. भागीदारीने मराठीला एक नवा गद्यप्रकार दिला आहे, 'यशोगाथा'. त्याची रचना ठरलेली. पहिल्या परिच्छेदात अंधार : कोरडवाहू जमीन, दारुडा नवरा, शाळा सुटलेली मुलगी. दुसऱ्यात प्रकल्पाचा प्रवेश. तिसऱ्यात शेळ्या, शिलाई यंत्र किंवा टॅब. चौथ्यात अवतरणचिन्हांत एक वाक्य, जे त्या बाईच्या बोलीत नसते, अहवालाच्या बोलीत असते. शेवटी हसरे छायाचित्र आणि 'नाव बदलले आहे'. व्याकरणाच्या तासाला या गद्याचा एक नमुना घेऊन क्रियापदे तपासावीत, असे आमच्या शिक्षकमित्रांना सुचवावेसे वाटते. 'महिलांना सक्षम करण्यात आले', 'गावाला पाणीदार करण्यात आले', 'युवकांमध्ये आत्मविश्वास निर्माण करण्यात आला'. कर्त्याला जागाच नाही. जिच्याविषयी वाक्य आहे ती नेहमी द्वितीयेत किंवा चतुर्थीत उभी. आणि तिचे नाव 'लाभार्थी'. विद्यार्थी म्हणजे विद्येची इच्छा धरणारा. लाभार्थी म्हणजे लाभाची इच्छा धरणारा. पण तिची इच्छा काय होती हे तिला विचारले कोणी? तिला रस्ता हवा होता, तिला शेळ्या मिळाल्या. वाक्यात मात्र इच्छा तिचीच.

ज्या भाषेत 'बलुतं' (१९७८) आणि 'उपरा' (१९८०) लिहिले गेले त्या भाषेत हा गद्यप्रकार मुकाट्याने चालावा याचे आम्हांस नवल वाटते. ती आत्मकथने आपण अभ्यासक्रमात लावतो, त्यांच्यावर प्रबंध लिहवून घेतो, प्रस्थापित वाङ्मयाची कर्त्याची जागा त्यांनी कशी हिसकावून घेतली हे सांगतो. त्यांत भूक आहे तशी लाज आहे, संताप आहे, आपल्याच माणसांविषयीची कटुता आहे, आणि कोणाचेही उपकार मानण्याची घाई नाही. ते शिकून बाहेर पडलेला विद्यार्थी संस्थेच्या कचेरीत बसून त्याच वस्तीतल्या बाईविषयी 'सक्षम करण्यात आले' असे लिहितो. दोष त्याचा नाही. त्याच्या हाती आलेल्या नमुन्यात 'लाभार्थीची तक्रार' असा रकानाच नसतो.

साहित्यिकांना या भागीदारीचा अनुभव नाही असे समजू नये. जेसीबी या यंत्रनिर्मात्या उद्योगाच्या नावाने एक ना-नफा साहित्य प्रतिष्ठान निघाले आणि २०१८ ते २०२४ या काळात २५ लाख रुपयांचा कादंबरी पुरस्कार दिला गेला. उद्योगाने आपली भागीदार संस्था आपणच जन्माला घातली, म्हणजे सामंजस्याचा प्रश्नच मिटला. त्या पुरस्काराने चांगले काम केले हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिलाच पुरस्कार बेन्यामिन यांच्या मल्याळम कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला मिळाला, पुढेही भारतीय भाषांतल्या कादंबऱ्यांना मिळत गेला, आणि अनुवादकाला वेगळी रक्कम देण्याची सुजाणता त्यांनी दाखवली. त्याच यंत्राने या देशात घरे पाडली जात होती. २०२४ मध्ये शंभराहून अधिक लेखक-अनुवादक-प्रकाशकांनी जाहीर पत्र लिहून ही विसंगती पुढे मांडली. पत्र लिहायला सहा वर्षे लागली, हे आम्ही कोणाला हिणवण्यासाठी सांगत नाही. पुरस्काराच्या यादीत आपले नाव येऊ शकते ही शक्यता माणसाला किती काळ सभ्य ठेवते, एवढेच त्यातून दिसते.

जॉन बर्जर यांची गोष्ट येथे आठवते. १९७२ साली त्यांना बुकर पुरस्कार मिळाला. बुकर मॅकॉनेल ही कंपनी कॅरिबियन बेटांत आणि गयानात साखरेच्या व्यापारावर मोठी झालेली. ऊस तिथेही होता. बर्जर यांनी पुरस्कार नाकारला नाही. तो स्वीकारताना त्यांनी त्याच समारंभात हा पैसा कोणाच्या शोषणातून आला ते सांगितले, अर्धी रक्कम लंडनमधल्या ब्लॅक पँथर चळवळीला दिली आणि उरलेली अर्धी युरोपातील स्थलांतरित मजुरांवरच्या आपल्या पुस्तकासाठी ठेवली. ते पुस्तक १९७५ मध्ये निघाले. त्यांच्या कृतीवर तेव्हा टीका झाली, आजही करता येईल. परंतु पैसा घेणे आणि तोंड मिटणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि एक केली म्हणून दुसरी करावी लागत नाही, हे त्यांनी करून दाखवले.

आमच्यावर येणारा आक्षेप आम्हांस ऐकू येतो. तुम्ही पगारदार माणसे, तुम्हांला शब्द तपासायला वेळ आहे. ज्याच्या वसतिगृहात पन्नास मुले जेवायची आहेत त्याने पैसा कोणाचा, करार कसा, हे बघत बसावे काय? आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच आम्ही पैसा नाकारा असे म्हणत नाही. गांधींच्या विश्वस्त-कल्पनेवर आंबेडकरांनी १९४५च्या ग्रंथात जी झोड उठवली, तिच्या मुळाशी हेच होते की मालकाच्या सद्‌बुद्धीवर कोणाचा हक्क उभा करता येत नाही. पन्नास मुलांचे जेवण हा त्या मुलांचा हक्क असेल, तर तो मिळवून देणाऱ्याला हक्काची भाषा बोलता आली पाहिजे. आज तो ती बोलला तर जेवण बंद होईल अशी व्यवस्था आहे, आणि या व्यवस्थेचे नाव आपण भागीदारी ठेवले आहे.

महाविद्यालयांनीही आता या खेळात भाग घेतला आहे. नॅकच्या मूल्यांकनात सामंजस्य करारांची गणती होऊ लागल्यापासून विभागा-विभागांत करार गोळा करण्याची चढाओढ लागली. मराठी विभागाने कोणाशी करार करावा? कोणाशी तरी करावा, एवढेच उत्तर प्राचार्यांकडून मिळते. मग एखादी संस्था, तिच्यामागची एखादी कंपनी, एक कार्यशाळा, एक छायाचित्र, आणि धारिकेत एक कागद. वाचनालयाला रंगवलेली भिंत मिळते, ग्रंथपालाची रिकामी जागा तशीच राहते.

अशा करारावर सही करणाऱ्या विभागप्रमुखांनी, आणि संस्थांत काम करणाऱ्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी, यापुढे तीन गोष्टी मागून पाहाव्यात. 'भागीदार' या शब्दाच्या जागी मसुद्यात 'निधी देणारी कंपनी' आणि 'काम करणारी संस्था' असे लिहावे. कंपनीला ते चालत नसेल तर मग १९३२च्या कायद्याचे बारावे कलम तिथे जसेच्या तसे घालावे. प्रसिद्धीविषयीच्या कलमात एक वाक्य वाढवावे की कंपनीच्या कोणत्याही कृतीविषयी, तिच्या कारखान्याच्या व कामगारांच्या बाबतीतही, जाहीरपणे बोलण्याचा संस्थेचा हक्क या कराराने कमी होत नाही आणि त्या कारणावरून निधी थांबवता येणार नाही. आणि अहवालाच्या नमुन्यात दोन पाने कोरी ठेवावीत, ती गावातल्या माणसांनी आपल्या बोलीत, आपल्या नावानिशी, हव्या त्या विषयावर लिहावीत किंवा सांगून लिहवून घ्यावीत, आणि ती न गाळता छापावीत. यांपैकी पहिली मागणी बहुधा हसण्यावारी जाईल. दुसऱ्या मागणीवर कंपनीचा विधी विभाग काय उत्तर देतो, ते आम्हांस वाचायला आवडेल.